कडा करप्याचा जिवाणू आणि भाताची प्रतिकारशक्ती : पामेला रोनाल्ड यांच्या संशोधनाचा एक अभ्यास

सारांश

भातपिकावरील कडा करपा हा जिवाणूजन्य रोग आशिया खंडातील प्रमुख पीकरोगांपैकी एक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञ पामेला रोनाल्ड यांनी या रोगास प्रतिकार करणाऱ्या एक्सए-२१ या जनुकाचे स्वरूप १९९५ मध्ये उलगडून दाखविले. वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला त्यातून नवी दिशा मिळाली. पुढे याच संशोधनमालेतील दोन शोधनिबंध त्यांना २०१३ मध्ये मागे घ्यावे लागले. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने मूळ प्रश्नाचे नवे उत्तर प्रसिद्ध केले. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा आशय, त्यातील चूक व तिची दुरुस्ती आणि भारतीय शेतीशी असलेला त्याचा संबंध यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कडा करपा, झँथोमोनास, एक्सए-२१, ग्राही प्रथिन, वनस्पतींची प्रतिकारशक्ती, शोधनिबंधाची माघार.

प्रस्तावना

लिंबावरील खैऱ्या, डाळिंबावरील तेल्या, कोबीवरील घाण्या आणि भातावरील कडा करपा ही नावे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाची आहेत. हे चारही रोग झँथोमोनास या एकाच प्रजातीतील जिवाणूंमुळे होतात, ही बाब मात्र सामान्यतः लक्षात घेतली जात नाही. बुरशीजन्य रोगांवर जशी प्रभावी औषधे उपलब्ध आहेत तशी जिवाणूजन्य रोगांवर नाहीत. जिवाणू एकदा पानाच्या वाहिन्यांत शिरला की बाहेरून केलेली फवारणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अशा रोगांच्या बाबतीत वनस्पतीची अंगभूत प्रतिकारशक्ती हाच शेतकऱ्याचा मुख्य आधार ठरतो.

जिवाणूमुळे वनस्पतीला रोग होतो ही कल्पनाही फार जुनी नाही. अमेरिकेतील इलिनॉय येथे टी. जे. बरिल यांनी १८८० च्या सुमारास नासपतीवरील रोगाचा संबंध जिवाणूशी जोडला. तरीही अनेक युरोपीय शास्त्रज्ञ हे मानावयास तयार नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचे अर्विन स्मिथ आणि जर्मनीचे आल्फ्रेड फिशर यांच्यात या प्रश्नावर दीर्घ वाद झाला आणि प्रायोगिक पुराव्याच्या बळावर स्मिथ यांचा पक्ष मान्य झाला. म्हणजेच या ज्ञानशाखेचा पाया वाद आणि फेरतपासणी यांतूनच घातला गेला आहे. रोनाल्ड यांच्या संशोधनाचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

१. कडा करपा : रोगाचे स्वरूप

कडा करप्याची पहिली नोंद जपानमधील क्युशू बेटावरील फुकुओका परिसरात १८८४ मध्ये झाली. रोगकारक जिवाणू आज झँथोमोनास ओरायझी या नावाने ओळखला जातो. भारतात हा रोग प्रथम आढळला तो १९५१ मध्ये, महाराष्ट्रातील तत्कालीन कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये बिहारमध्ये या रोगाची मोठी साथ आली. त्यानंतरच्या काळात तायचुंग नेटिव्ह-१ सारख्या रोगास बळी पडणाऱ्या बुटक्या वाणांचा प्रसार झाला, नत्रखतांचा वापर वाढला आणि रोगाचे क्षेत्रही विस्तारले.

पानाच्या कडेला असणाऱ्या जलरंध्रांतून किंवा वारा-पावसाने झालेल्या जखमांतून जिवाणू आत शिरतो आणि जलवाहिन्यांमध्ये वाढतो. पानाच्या टोकाकडून कडेने नागमोडी पिवळसर पट्टा खाली उतरत जातो व पुढे पान वाळून गवती रंगाचे होते. रोपावस्थेत लागण झाल्यास संपूर्ण रोप कोमेजून मरते. पोटरीच्या सुमारास लागण झाल्यास दाणे नीट भरत नाहीत आणि लोंबीत पळिंजाचे प्रमाण वाढते. तीव्र प्रादुर्भावात उत्पादनाची घट निम्म्यापर्यंत जाऊ शकते. रोगट पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरल्यास कापलेल्या कडेतून दुधाळ धार पाण्यात उतरताना दिसते. ही धार म्हणजे असंख्य जिवाणूंचा स्राव होय. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ही साधी चाचणी सहज दाखविता येते.

२. वनस्पतींची प्रतिकारशक्ती

प्राण्यांच्या शरीरात रक्तातून फिरणाऱ्या संरक्षक पेशी असतात, प्रतिपिंडे तयार होतात आणि पूर्वी होऊन गेलेल्या आजाराची स्मृती राहते. वनस्पतींमध्ये फिरत्या संरक्षक पेशी नाहीत आणि प्रतिपिंडेही नाहीत. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. त्यासाठी शत्रू ओळखण्याची क्षमता तिला जन्मतःच, म्हणजे जनुकांच्या रूपाने मिळालेली असते.

अमेरिकेतील एच. एच. फ्लोर यांनी जवसावरील तांबेरा रोगाचा अभ्यास करून १९४० च्या दशकात जनुकास जनुक हा सिद्धांत मांडला. वनस्पतीतील विशिष्ट प्रतिकारक जनुक आणि रोगकारकातील त्याला अनुरूप असे जनुक यांची गाठ पडली तरच प्रतिकार घडून येतो, असे या सिद्धांताचे सार आहे. परंतु प्रतिकारक जनुकापासून तयार होणारा रेणू कोणता, तो पेशीत कोठे असतो आणि तो शत्रूला कसे ओळखतो, हे पुढील पन्नास वर्षे अज्ञातच राहिले.

आजच्या ज्ञानानुसार वनस्पतींच्या संरक्षणाचे स्थूलमानाने दोन स्तर मानले जातात. पहिल्या स्तरावर पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने रोगकारकाचे बाहेर असलेले रेणू ओळखतात. दुसऱ्या स्तरावर पेशीच्या आतील ग्राही प्रथिने, रोगकारकाने आत सोडलेल्या प्रथिनांचा माग घेतात. जोनाथन जोन्स आणि जेफ्री डँगल यांनी २००६ मध्ये या दोन्ही स्तरांची एकत्रित मांडणी केली. ग्राही प्रथिन म्हणजे ठराविक रेणू येऊन जुळताच पेशीला आत इशारा देणारे प्रथिन होय. रोनाल्ड यांचे कार्य मुख्यतः पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांशी संबंधित आहे.

३. रानभातापासून एक्सए-२१ जनुकापर्यंत

या जनुकाची कथा आफ्रिकेतील माली या देशातील ओरायझा लाँजिस्टामिनाटा या रानटी भातापासून सुरू होते. हा भात खाण्यासाठी लागवडीत नाही. तथापि कडा करप्याला तो दाद देत नाही, हे कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. पुढे फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार संकर करून हा गुण लागवडीच्या भातात उतरविला. त्यास कारणीभूत असलेल्या जनुकाला एक्सए-२१ हे नाव देऊन त्याची माहिती १९९० मध्ये प्रसिद्ध करण्यात आली.

गुण संकराने उतरविता येतो, पण त्यामागील रेणू संकरातून समजत नाही. हे काम रोनाल्ड यांनी हाती घेतले. कॉर्नेल विद्यापीठात असताना त्यांनी या जनुकाचे गुणसूत्रावरील स्थान निश्चित करण्यास प्रारंभ केला आणि १९९२ मध्ये त्या डेव्हिस येथे रुजू झाल्या. त्याच वर्षी या जनुकाच्या अगदी निकट असलेली पीटीए-२४८ ही डीएनए-खूण प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये वेन-युआन साँग, गुओ-लियांग वांग आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी प्रत्यक्ष जनुक वेगळे केल्याचे 'सायन्स' या नियतकालिकातून जाहीर केले. हे जनुक रोगास बळी पडणाऱ्या तैपेई-३०९ या भातवाणात घातले असता ती रोपे रोगप्रतिकारक झाली. त्यामुळे वेगळे केलेले जनुक तेच आहे याविषयी शंका उरली नाही.

एक्सए-२१ जनुकापासून १,०२५ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. त्याचा एक भाग पेशीबाहेर असतो आणि बाहेरचा रेणू ओळखतो. मधला भाग पेशीपटलातून आरपार जातो. आतला भाग कायनेज या प्रकारचा असून तो इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून इशारा पुढे पोहोचवितो. प्राण्यांमध्येही याच तत्त्वावर काम करणारी ग्राही प्रथिने असल्याचे त्यानंतर उघड झाले. फळमाशीतील टोल प्रथिनाचे प्रतिकारशक्तीतील कार्य १९९६ मध्ये आणि उंदरातील तत्सम प्रथिनाचे कार्य १९९८ मध्ये स्पष्ट झाले. या संशोधनासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर हे २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. भाताचे रोप, माशी आणि उंदीर हे शत्रू ओळखण्यासाठी मिळतीजुळती पद्धत वापरतात, हा जीवशास्त्रातील महत्त्वाचा बोध होय.

४. जिवाणूच्या रेणूचा शोध आणि २००९ चा निष्कर्ष

ग्राही प्रथिन सापडले, परंतु ते जिवाणूचा कोणता रेणू ओळखते हा प्रश्न शिल्लक होता. कुलूप हाती आले होते, किल्ली मिळावयाची होती. रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने जिवाणूमधील रॅक्स या नावाच्या जनुकांचा समूह शोधून काढला. त्यांपैकी काही जनुके रेणूला सल्फेट गट जोडण्याचे तर काही तो रेणू जिवाणूबाहेर टाकण्याचे काम करतात. यांपैकी एखादे जनुक निकामी केल्यास एक्सए-२१ असलेले भाताचे रोपही जिवाणूला ओळखू शकत नाही. यावरून अज्ञात रेणू सल्फेटयुक्त असावा आणि तो बाहेर सोडला जात असावा, असे अनुमान निघाले.

२००९ मध्ये 'सायन्स'मध्ये या गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एएक्स-२१ नावाचे प्रथिन हाच तो रेणू असून त्यातील १७ अमिनो आम्लांचा सल्फेटयुक्त तुकडा भाताची प्रतिकारशक्ती जागृत करतो, असा त्यातील निष्कर्ष होता. २०११ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकातील निबंधात, जिवाणू परस्परांशी संकेतांची देवाणघेवाण करण्यासाठीही याच प्रथिनाचा वापर करतात, असे मांडण्यात आले. दीर्घकाळ शोधलेले उत्तर मिळाले असे सर्वांनी मानले आणि इतर प्रयोगशाळांनीही त्या दिशेने काम सुरू केले.

५. चुकीचा शोध आणि निबंधांची माघार

ही चूक बाहेरच्या टीकाकाराने नव्हे, तर रोनाल्ड यांच्याच प्रयोगशाळेत नव्याने दाखल झालेल्या संशोधकांनी उघडकीस आणली. त्यांनी पूर्वीचे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा तसे निष्कर्ष मिळेनात. अशा वेळी नवख्या संशोधकाच्या हातात दोष आहे असे समजून विषय मिटविणे सोपे असते. येथे तसे झाले नाही. साठविलेल्या जिवाणूंची एकेक करून तपासणी करण्यात आली. तेव्हा काही जिवाणूंवरील नाव आणि प्रत्यक्षातील जिवाणू यांचा मेळ बसत नसल्याचे आढळले. शिवाय ज्या एका चाचणीवर बरीच भिस्त होती, तिचे निकाल दर वेळी एकसारखे येत नसल्याचेही निदर्शनास आले.

सप्टेंबर २०१३ मध्ये 'प्लॉस वन'मधील आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये 'सायन्स'मधील शोधनिबंध मागे घेण्यात आले. रोनाल्ड यांनी त्याच महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन'साठी लिहिलेल्या लेखात चूक कशी लक्षात आली, कोणत्या तपासण्या केल्या आणि काय दुरुस्त केले याचा वृत्तांत स्वतः मांडला. शोधनिबंध मागे घेणे म्हणजे लबाडी उघड होणे असा सार्वत्रिक समज आहे. या प्रकरणात दोष प्रयोगसाहित्याच्या नोंदीचा आणि चाचणीच्या विश्वासार्हतेचा होता.

या ठिकाणी काय कोसळले आणि काय टिकले, हे वेगवेगळे पाहणे आवश्यक आहे. एएक्स-२१ हा एक्सए-२१ ला जागे करणारा रेणू आहे, हा दावा कोसळला. एक्सए-२१ जनुक भाताला रोगप्रतिकारक बनविते आणि त्यासाठी जिवाणूतील रॅक्स जनुके आवश्यक असतात, हे दोन निष्कर्ष स्वतंत्र पुराव्यावर उभे असल्याने अबाधित राहिले. शेतातील प्रतिकारक वाणांनाही या माघारीमुळे कोणतीच बाधा आली नाही.

६. रॅक्सएक्स : नवे उत्तर

चूक मान्य झाल्यामुळे मूळ प्रश्न पुन्हा खुला झाला. रोरी प्रुइट, बेंजामिन श्वेसिंगर आणि सहकाऱ्यांनी विश्वसनीय चाचण्या उभारून नव्याने शोध घेतला. रॅक्स जनुकांच्या अगदी शेजारी असलेले आणि तोपर्यंत दुर्लक्षित राहिलेले एक लहानसे जनुक त्यांना सापडले. त्याला रॅक्सएक्स असे नाव देण्यात आले. हे संशोधन २०१५ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या दाव्याच्या पुराव्याची रचना लक्षणीय आहे. रॅक्सएक्स नसलेला जिवाणू एक्सए-२१ असलेल्या रोपातही रोग निर्माण करतो. ते जनुक परत दिल्यास रोप त्याला पुन्हा ओळखते. रॅक्सएक्स प्रथिनातील ४१ व्या स्थानावरील टायरोसिन या अमिनो आम्लाला सल्फेट गट जोडलेला असेल तरच प्रतिकार जागृत होतो. प्रयोगशाळेत तयार केलेला २१ अमिनो आम्लांचा सल्फेटयुक्त तुकडाही हेच कार्य करतो, मात्र सल्फेटविरहित तुकडा करीत नाही. २०१९ मध्ये हा तुकडा एक्सए-२१ प्रथिनाला प्रत्यक्ष जोडला जातो, हेही दाखविण्यात आले. पूर्वी रॅक्स जनुकांवरून बांधलेले अनुमान अशा रीतीने योग्य ठरले. चुकले होते ते केवळ रेणूचे नाव.

रॅक्सएक्सचे जिवाणूला स्वतःला काय प्रयोजन, या प्रश्नावरही प्रकाश पडला. वनस्पतींमध्ये पेशींची वाढ नियंत्रित करणारे पीएसवाय नावाचे सल्फेटयुक्त संप्रेरक असते. रॅक्सएक्सची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असून तो त्याप्रमाणेच मुळांची वाढ घडवून आणतो, असे २०१७ मध्ये आढळले. म्हणजे जिवाणू वनस्पतीच्याच संप्रेरकाची नक्कल करतो आणि एक्सए-२१ ती नक्कल बरोबर ओळखतो. खऱ्या संप्रेरकामुळे मात्र एक्सए-२१ जागृत होत नाही.

७. भारतीय शेतीशी संबंध

प्रयोगशाळेतील या संशोधनाचा लाभ भारतीय शेतकऱ्यापर्यंत पोहोचला तो डीएनए-खुणांच्या साहाय्याने केलेल्या निवडीतून. नेहमीच्या संकरात हवा तो गुण कोणत्या रोपात आला आहे हे कळण्यासाठी रोपाला रोगाची लागण करून पाहावी लागते. पीटीए-२४८ सारखी खूण उपलब्ध असल्यास लहान रोपाच्या पानाच्या तुकड्यावरूनच एक्सए-२१ ची उपस्थिती समजते. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ ही तीन जनुके पीआर-१०६ या वाणात एकत्र आणल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापासून ही जनुके सांबा मसुरी या लोकप्रिय बारीक दाण्याच्या वाणात उतरविण्यात आली. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील रमेश सोंटी यांचा गट आणि तेथीलच भात संशोधन संचालनालय यांच्या सहकार्यातून तयार झालेला सुधारित सांबा मसुरी हा वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. तत्पूर्वी २००७ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एक्सए-१३ आणि एक्सए-२१ असलेला सुधारित पुसा बासमती-१ हा वाण दिला होता.

हे दोन्ही वाण जनुकपरिवर्तित नाहीत. ते संकर आणि निवड यांतून तयार झालेले असून डीएनए-खुणेने केवळ निवड अचूक केली आहे. एकाऐवजी अनेक जनुके घालण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. जिवाणू सतत बदलत असतो. रॅक्सएक्समध्ये बदल झालेले जिवाणू एक्सए-२१ ची नजर चुकवू शकतात आणि एकट्या एक्सए-२१ ला न जुमानणारे जिवाणू भारतातही आढळले आहेत. एक्सए-५ आणि एक्सए-१३ यांची कार्यपद्धती एक्सए-२१ पेक्षा निराळी आहे. त्यामुळे तिन्ही अडथळे एकाच वेळी ओलांडणे जिवाणूला कठीण जाते.

समारोप

कुलाब्यात नोंदविलेला रोग, मालीतील रानभात, कटक व फिलिपाईन्समधील निवड, डेव्हिस येथील जनुकाचा शोध आणि हैदराबादचा वाण अशी ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी कच्ची निघाली, परंतु साखळी तुटली नाही. प्रत्येक कडीचा पुरावा स्वतंत्र होता आणि कच्ची कडी झाकून न ठेवता बदलण्यात आली. रोनाल्ड यांची २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली आणि २०२२ मध्ये त्यांना कृषी क्षेत्रातील वुल्फ पारितोषिक मिळाले. प्रामाणिकपणे चूक मान्य केल्याने शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा संपत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

महाविद्यालयीन स्तरावर संशोधन करणाऱ्या व करवून घेणाऱ्या अध्यापकांच्या दृष्टीने या अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) साठविलेल्या प्रत्येक नमुन्याची ओळख ठराविक काळाने पुन्हा तपासणे हे संशोधनाचेच अंग होय, कारकुनी काम नव्हे.

२) विद्यार्थ्याला पूर्वीचा निष्कर्ष पुन्हा मिळत नसेल, तर त्याच्या कौशल्यावर शंका घेण्यापूर्वी मूळ निष्कर्षाची तपासणी व्हावी. डेव्हिस येथील चूक नवख्या संशोधकांमुळेच सापडली.

३) महत्त्वाचा दावा एकाच चाचणीवर न ठेवता परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक चाचण्यांवर उभारावा.

४) प्रसिद्ध झालेल्या निबंधांची संख्या हे गुणवत्तेचे माप मानले जात असताना स्वतःचा निबंध मागे घेणे कठीण असते. असा निर्णय घेणाऱ्या संशोधकाकडे संस्थेने आदराने पाहिल्यासच तो घेण्याचे धैर्य इतरांना लाभेल.

भाताचे रोप खरा संप्रेरक आणि जिवाणूने केलेली नक्कल यांतील भेद एका ग्राही प्रथिनाच्या बळावर ओळखते. संशोधनात खरे आणि खऱ्यासारखे दिसणारे यांतील भेद ओळखण्यासाठी फेरतपासणीखेरीज दुसरे साधन नाही.